उष्णतेला वाट हवी

फेब्रुवारी लागला की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या बागांमध्ये सकाळी लवकर द्राक्षाची काढणी सुरू होते. ऊन चढायच्या आत घड क्रेटमध्ये आणि क्रेट पॅकहाऊसवर पोचावेत, अशी धडपड असते. तरी सगळा माल सकाळच्या गारव्यात निघत नाही. दुपारी ट्रॅक्टरमधून उतरणाऱ्या मण्याच्या पोटात तीस अंश सेल्सिअसची ऊब असते. हा माल न्हावा-शेवाहून जहाजाने रॉटरडॅमला जायचा असेल, तर ती ऊब काही तासांत काढून मणी शून्य ते दोन अंशांच्या आसपास आणावा लागतो. उशीर झाला की घडाचा देठ सुकतो, तपकिरी पडतो, मणी गळू लागतात. आठवड्यांच्या समुद्रप्रवासानंतर पेटी उघडणारा खरेदीदार देठाचा हिरवेपणा पाहूनच मालाचा ताजेपणा ठरवतो.

दहा टन द्राक्षं तीस अंशांवरून दोन अंशांवर आणायची, तर त्यांच्यातून सुमारे २८० युनिट विजेइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. पेट्यांची, भिंतींतून झिरपणारी, पंख्यांची आणि दार उघडताना आत शिरणारी उष्णता वेगळी. माल झटपट थंड करायच्या, म्हणजे प्रीकूलिंगच्या खोलीत उभं राहिलं की माणूस कुडकुडतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष आतच असतं. पण काढलेली उष्णता नाहीशी झालेली नसते. पॅकहाऊसच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीवर, अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांच्या जाळीतून पंखे ती उष्णता हवेत फेकत असतात. ही जाळी म्हणजे कंडेन्सर.

शीतगृह उभारताना कॉम्प्रेसर कोणत्या कंपनीचा, यावर तासन्‌तास चर्चा होते. भिंतींच्या उष्णतारोधक पफ पॅनेलची जाडी विचारली जाते. कंडेन्सर मात्र जागा उरेल तिथे बसतो आणि बसला की विसरला जातो. कॉम्प्रेसर किती वीज खाणार, हे या विसरलेल्या जाळीवर फार मोठ्या प्रमाणात ठरतं. म्हणून विजेची बचत शोधायची, तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

विहीर, टाकी आणि पंप

शीतयंत्राचं काम उष्णता उपसण्याचं आहे. विहिरीवर मोटार चालवणाऱ्याला हे गणित लगेच कळेल. पाणी जितकं खोल आणि टाकी जितकी उंच, तितका पंपावर भार जास्त. इथे पाण्याची पातळी म्हणजे शीतगृहाच्या आतल्या कॉइलचं, इव्हॅपोरेटरचं तापमान. टाकीची उंची म्हणजे बाहेरच्या कंडेन्सरमध्ये शीतकाची, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत गॅसची, वाफ ज्या तापमानाला द्रव होते ते तापमान. कॉम्प्रेसर हा पंप. दोन तापमानांतलं अंतर वाढलं की तितकीच उष्णता उपसायला अधिक वीज लागते.

सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये उष्णता आणि काम यांच्या नात्याची जी मर्यादा दाखवली, तिच्यातून हे आकड्यांत मांडता येतं. आतली कॉइल उणे पाच अंशांवर आणि कंडेन्सर ४५ अंशांवर असेल, तर अंतर ५० अंशांचं. कंडेन्सर ३५ अंशांवर आणता आला तर अंतर ४० होतं आणि आदर्श यंत्राला लागणारं काम २० टक्क्यांनी घटतं. कंडेन्सर ५५ वर गेला तर तेच काम २० टक्क्यांनी वाढतं. प्रत्यक्षातलं यंत्र आदर्श नसतं. त्याच्यासाठी अभियंते साधारणपणे असा हिशेब धरतात की कंडेन्सरचं तापमान एका अंशाने वाढलं की वीज दोन ते तीन टक्के जास्त लागते.

आता हा अंश येतो कुठून, ते पाहू. बाहेरची हवा ३५ अंश असली तर कंडेन्सर तिच्याहून गरम असावाच लागतो, नाहीतर उष्णता बाहेर वाहणार नाही. कंडेन्सरची कॉइल ऐसपैस, स्वच्छ आणि मोकळ्यावर असेल तर हे अंतर आठ-दहा अंशांत भागतं. कॉइल आखूड, मळलेली किंवा कोंडलेली असेल तर ते पंधरा-वीसवर जातं. कॉम्प्रेसर तोच, गॅस तोच, माल तोच. बिलात मात्र वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक पडतो.

हवा हे कमकुवत वाहन

उष्णता वाहून नेण्यात पाण्याची सर हवेला नाही. एक घनमीटर पाणी एक अंशाने तापताना जेवढी उष्णता घेतं, तेवढी घ्यायला जवळपास साडेतीन हजार घनमीटर हवा लागते. म्हणूनच उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमधली बटाट्याची मोठी शीतगृहं प्रामुख्याने अमोनियावर चालतात आणि त्यांचे कंडेन्सर पाण्याने थंड केले जातात.

महाराष्ट्रातल्या लहान आणि मध्यम शीतगृहांची अडचण वेगळी आहे. द्राक्ष, डाळिंब, बेदाणा यांचे पट्टे बहुतांशी अवर्षणग्रस्त भागात आहेत. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे कंडेन्सरवर रोज पाणी उडवणं परवडत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांवर क्षारांचा थर बसतो तो वेगळाच. शिवाय पाण्याचा पंप, टाकी, शुद्धीकरण यांसाठी माणूस लागतो. हवेवर चालणारं यंत्र आणलं, बसवलं, वायर जोडली की सुरू होतं. गावच्या दूध संकलन केंद्रातला बल्क कूलर, औषध दुकानातला फ्रीज, आइस्क्रीमचा डीप फ्रीझर, मासळी बाजारातली छोटी कोल्ड रूम, घरातला एसी, या सगळ्यांनी हवेचाच आधार घेतला आहे.

हवेच्या या दुबळेपणावर अभियांत्रिकीने शोधलेला उपाय म्हणजे फिन. तांब्याच्या नळीत शीतक द्रव होत असताना उष्णता सहज सोडतो. अडथळा असतो तो नळीच्या बाहेर, हवेच्या बाजूला. उष्णतेच्या वाटेवरचा बहुतेक विरोध हवेकडचाच. मग नळीवर कागदासारखी पातळ, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या जाडीची अॅल्युमिनियमची पाती ओवली जातात. दोन पात्यांत जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची फट. त्यामुळे हवेला भिडणारा पृष्ठभाग नुसत्या नळीच्या दहा ते वीसपट होतो.

पात्यांच्या आकारालाही महत्त्व आहे. सपाट पात्यावरून हवा वाहू लागली की पात्याला लगटून संथ हवेचा एक थर तयार होतो आणि तो उष्णतेला अडवतो. पात्याला नागमोडी घडी घातली किंवा त्यावर खिडकीच्या झडपांसारखे बारीक काप दिले की हा थर जागोजागी तुटतो आणि उष्णता जलद निसटते. किंमत मोजावी लागते ती पंख्याला, कारण अशा पात्यांतून हवा ढकलायला जोर जास्त लागतो. शिवाय धूळ त्या कापांतच आधी अडकते. म्हणून ट्रॅक्टरची वर्दळ असलेल्या धुळीच्या आवारात साधी, जरा विरळ पाती कित्येकदा वर्षभराच्या हिशेबात सरस ठरतात.

नळ्याही बदलत गेल्या. पूर्वी साडेनऊ मिलिमीटर व्यासाची नळी सर्रास असे. पुढे सात आणि आता पाच मिलिमीटरपर्यंत मजल गेली. आतून बारीक खाचा पाडलेल्या नळीत शीतक अधिक पृष्ठभागाला भिडतो. नळी बारीक झाली की तिच्यामागची हवेची सावली लहान होते आणि आत गॅसही कमी लागतो. मोटारींच्या कंडेन्सरमधून आलेली मायक्रोचॅनेलची रचना त्याच्याही पुढची. तिच्यात चपट्या अॅल्युमिनियमच्या पट्टीत मिलिमीटरभर रुंदीचे अनेक बोगदे असतात आणि पट्ट्यांच्या मध्ये घडीदार पाती भट्टीत जोडून घेतलेली असतात. आकार, वजन, गॅस, सगळं कमी. मात्र ती मळली की साफ करणं कठीण आणि गळती लागली की गावच्या मिस्त्रीला जागेवर डाग देणं त्याहून कठीण.

या विषयाशी मराठी माणसाचा एक जवळचा धागा आहे. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक सुहास सुखात्मे यांच्या उष्णता-वहनावरच्या पाठ्यपुस्तकावर देशातल्या अभियंत्यांच्या पिढ्या घडल्या. शीतकाची वाफ नळीवर अधिक वेगाने द्रव व्हावी म्हणून नळीच्याच पृष्ठभागावर बारीक पाती कोरायची कशी, यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधनही केलं.

धूळ, भिंत आणि चुकीचं निदान

प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली कॉइल जागेवर आली की तिचा संसार बदलतो. द्राक्षपट्ट्यात मातीची धूळ आणि पाचोळा, विदर्भात जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू, मुंबईत बांधकामाची धूळ आणि कबुतरांची पिसं. दीड मिलिमीटरच्या फटीत हे सगळं गच्च बसतं. किनाऱ्यावर त्यात खारी हवा भर घालते. तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये मिठाचा ओलावा, म्हणजे अॅल्युमिनियम झिजणारच. पाती नळीपासून सुटतात, बोट लावलं की भुगा होतात. निळ्या रंगाचं संरक्षक लेपन असलेली पाती यासाठीच निघाली. ती झीज लांबवतात, थांबवत नाहीत.

कॉइल कोंडली की कंडेन्सरमधला दाब चढतो. खोली थंड व्हायला वेळ लागतो, कॉम्प्रेसर तापतो, दुपारी ट्रिप होतो. अशा वेळी अर्धवट शिकलेला कारागीर सरळ गॅस कमी झाल्याचं सांगतो आणि भरून मोकळा होतो. रोग कोंडलेल्या पात्यांचा असतो. वर जास्तीचा गॅस द्रवरूपात कंडेन्सरच्या नळ्यांत साचतो आणि उष्णता सोडायला उरलेली जागाही व्यापतो. दाब आणखी वाढतो, बिलही वाढतं. गॅस भरण्याआधी कॉइल पाहणं, दाब आणि तापमान मोजणं ही साधी शिस्त आहे. भारताच्या शीतकरण कृती आराखड्यात, म्हणजे मार्च २०१९ च्या इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅनमध्ये, एक लाख सेवा तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं. ते किती गरजेचं आहे, हे अशा चुकलेल्या निदानांवरून कळतं.

धुण्याचीही रीत आहे. पाणी हवेच्या उलट दिशेने, आतून बाहेर, सौम्य दाबाने मारायचं. गाड्या धुण्याचा जोरदार जेट जवळून मारला की पाती आडवी होतात आणि फट कायमची बंद होते. फरशी धुण्याचं अॅसिड वापरलं तर पातीच खाल्ली जातात. वाकलेली पाती सरळ करायला फिनचा कंगवा मिळतो. त्याची किंमत किरकोळ असते.

दुसरा शत्रू म्हणजे भिंत. कंडेन्सरने फेकलेली गरम हवा वर निघून गेली पाहिजे. वर पत्र्याचं छत असेल, समोर कुंपणाची भिंत असेल किंवा दोन कंडेन्सर समोरासमोर बसवले असतील तर तीच हवा वळून पुन्हा आत ओढली जाते. मग बाहेर ३५ अंश असताना कॉइलला ४२-४५ अंशांची हवा मिळते. कागदावर उत्तम असलेलं यंत्र रोज दुपारी राजस्थानातल्या मे महिन्यात चालल्यासारखं चालतं.

मुंबई-ठाण्याच्या मनोऱ्यांत हा प्रश्न उभ्या दिशेने पसरला आहे. दर्शनी भाग देखणा राहावा म्हणून एसीची आउटडोअर युनिटं मागच्या अरुंद खाचेत एकावर एक बसवली जातात. दीड टनाचा एक एसी जवळपास सात किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. खालच्या मजल्यांची उष्णता त्या खाचेतून वर चढते आणि वरच्या मजल्यांच्या युनिटांना तीच हवा घ्यावी लागते. हाँगकाँगच्या उंच इमारतींतल्या अशाच खाचांचा तिथल्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अभ्यास केला आणि वर जावं तशी हवा तापत जाते, हे दाखवून दिलं. आपल्याकडे एसीची क्षमता ३५ अंशांच्या बाहेरच्या हवेवर तपासून सांगितली जाते. पंचतारांकित लेबलचा एसी कोंडलेल्या खाचेत बसवला तर त्यातले तारे घरमालकाच्या नकळत गळून पडतात.

पंखा हळू फिरला तर

मग मोठा पंखा लावून जास्त हवा मारावी का? इथे निसर्गाचा एक कडक नियम आडवा येतो. पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, पण वीज आठपट लागते. एका मर्यादेपुढे पंख्याने खाल्लेली वीज कॉम्प्रेसरने वाचवलेल्या विजेपेक्षा जास्त होते.

हाच नियम उलट वापरला की मोठी बचत हाती लागते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मी होते. एका कंडेन्सरवर चार पंखे आहेत आणि रात्री निम्मीच हवा पुरते, असं धरू. नेहमीची पद्धत म्हणजे दोन पंखे बंद करायचे. त्याऐवजी चारही पंखे निम्म्या वेगाने फिरवले तर हवा साधारण तितकीच मिळते आणि वीज दोन पंख्यांना लागते त्याच्या चौथ्या हिश्श्यात भागते. शिवाय सगळी कॉइल कामाला लागते. वेग बदलणारी ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालणारी ईसी मोटर हे काम करते. छोट्या फ्रीझरमध्ये जुन्या पद्धतीची जी स्वस्त शेडेड-पोल मोटर असते, ती घेतलेल्या विजेचा जेमतेम पाव हिस्सा कामी लावते. ईसी मोटर त्यातली बहुतेक वीज कामाला लावते.

नाशिकसाठी याहून मोठी संधी रात्रीच्या थंडीत आहे. निफाडचं नाव दर हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत येतं. द्राक्षाच्या हंगामात दुपारी पारा तिशी ओलांडतो आणि रात्री कित्येकदा बारा-पंधरा अंशांवर येतो. रात्री कंडेन्सरला इतकी थंड हवा फुकट मिळत असते. तरी बऱ्याच जुन्या यंत्रणांत कंडेन्सरचा दाब मुद्दाम वर धरून ठेवलेला असतो, पंखे बंद-चालू करून ४० अंशांच्या आसपास. कारण साधं आहे. द्रव शीतकाचा दाब उतरवून तो आतल्या कॉइलमध्ये सोडणारा जुना थर्मोस्टॅटिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नीट चालायला दोन्ही बाजूंच्या दाबांत बराच फरक लागतो.

इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह कमी फरकावरही नीट काम करतो. तो बसवला आणि कंडेन्सरचा दाब बाहेरच्या हवेबरोबर खाली उतरू दिला, तर रात्री कंडेन्सर २५ अंशांवर चालू शकतो. आतली कॉइल उणे पाचवर धरली तर उपसा ४५ अंशांवरून ३० अंशांवर येतो, म्हणजे आदर्श हिशेबाने एक तृतीयांश कामाची बचत. दाब किती खाली न्यायचा, याची मर्यादा कॉम्प्रेसरचा उत्पादक ठरवून देतो आणि ती पाळावीच लागते. पण त्या मर्यादेपर्यंत पोचलेली शीतगृहं आपल्याकडे फार थोडी आहेत.

आतली कॉइल, देठ आणि बर्फ

आता विहिरीच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. इव्हॅपोरेटर जितका थंड ठेवावा लागतो तितकं पाणी खोल गेलं असं समजायचं. कंडेन्सर ४५ अंशांवर असताना आतली कॉइल उणे पाचऐवजी उणे दहावर चालवावी लागली, तर आदर्श यंत्रालाही १२ टक्के जास्त काम पडतं. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मार्गदर्शक पुस्तकांत इव्हॅपोरेटरचं तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे तीन टक्के वीज वाचते, असा हिशेब दिलेला आहे.

द्राक्षाच्या बाबतीत ही बचत मालाच्या दर्जाशी बांधलेली आहे, आणि उत्पादकाने सर्वाधिक लक्ष द्यावं अशी गोष्ट हीच. खोलीतली हवा आणि कॉइल यांच्यात तापमानाचं अंतर जितकं जास्त, तितकी हवेतली वाफ कॉइलवर जमते आणि खोली कोरडी पडते. द्राक्षाला ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. ती मिळाली नाही की कोरडी हवा देठातलं पाणी ओढून घेते, वजन घटतं आणि देठ तपकिरी होतो. कॉइल मोठी घेतली आणि अंतर चार-पाच अंशांत ठेवलं तर आर्द्रता टिकते, देठ हिरवा राहतो, बर्फ कमी साचतो आणि वीजही कमी लागते. सुरुवातीचा खर्च वाचवायला आखूड कॉइल घेणारा मालक हे चारही फायदे एकदम गमावतो.

बर्फ हा आतल्या कॉइलचा धुळीसारखाच शत्रू. म्हणून शून्याखालच्या कॉइलवर पाती विरळ ठेवतात. फ्रीझरच्या खोलीत ती सहा ते दहा मिलिमीटर अंतरावरही असतात. साचलेला बर्फ उतरवायला जी उष्णता द्यावी लागते, त्यातली बरीच खोलीत शिरते आणि ती पुन्हा उपसावी लागते. घड्याळ लावून ठरावीक तासांनी डीफ्रॉस्ट करण्याची पद्धत सोपी आहे, पण दार कमी उघडलं गेलेल्या दिवशीही ती तितकीच उष्णता आत ओतते. बर्फ खरोखर साचल्यावरच डीफ्रॉस्ट करणारी नियंत्रणं आता मिळतात.

आतल्या पंख्यांचा हिशेबही लक्षात ठेवण्याजोगा आहे. बाहेरच्या पंख्याने खाल्लेली वीज एकदाच मोजायची. आतल्या पंख्याची वीज दोनदा मोजावी लागते, कारण ती शेवटी खोलीत उष्णता होऊन राहते आणि कॉम्प्रेसरला ती पुन्हा बाहेर काढावी लागते. प्रीकूलिंगमध्ये पेट्यांच्या थप्पीतून जोराने हवा खेचणं भाग असतं. पण माल थंड झाल्यावर, नुसत्या साठवणीत, पंखे पूर्ण वेगाने फिरवत ठेवायचं काही कारण नसतं. तिथे वेग कमी केला की वीजही वाचते आणि देठही कमी सुकतो.

कोरड्या मुलखाची सवलत

विदर्भाला निसर्गाने उन्हाची शिक्षा दिली, तशी एक सवलतही दिली आहे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४४ अंशांना हवा इतकी कोरडी असते की ओल्या कापडातून गेल्यावर ती चोवीस अंशांच्या आसपासपर्यंत उतरू शकते. वाळ्याच्या ताट्या आणि डेझर्ट कूलर त्याच बळावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालले. हीच युक्ती कंडेन्सरपुढे वापरता येते. कॉइलमध्ये शिरणारी हवा आधी ओल्या पॅडमधून नेली आणि पॅडने सत्तर टक्के काम साधलं तरी ४४ अंशांची हवा ३० अंशांना कॉइलला भिडते. ज्या तासाला वीजमागणी सर्वांत जास्त, नेमकी त्याच तासाला ही मदत मिळते.

मुंबईत मात्र हा उपाय फिका पडतो. ३३ अंश आणि ७० टक्के दमटपणा असलेली हवा ओली करून २८ अंशांच्या खाली जात नाही आणि पावसाळ्यात तर काहीच हाती लागत नाही. पॅड लावतानाही पथ्यं आहेत. पाणी थेट कॉइलवर फवारलं की क्षारांचा थर बसून पाती कायमची खराब होतात, म्हणून पॅड कॉइलपासून अंतर ठेवून बसवायचे. हंगाम संपला की ते काढून ठेवायचे, नाहीतर वर्षभर हवेला अडवत राहतात. पाणी लागतं ते फक्त कडक उन्हाच्या तासांपुरतं, त्यामुळे संपूर्ण पाण्यावर चालणाऱ्या कंडेन्सरच्या मानाने ते फार थोडं असतं.

अशा युक्त्यांना वाव देणारं एक आव्हान जगभरच्या उत्पादकांसमोर भारतातूनच मांडलं गेलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि अमेरिकेतली आरएमआय ही संस्था यांच्या पुढाकाराने ग्लोबल कूलिंग प्राइझ जाहीर झालं. प्रचलित एसीपेक्षा पाचपट कमी हवामान-परिणाम करणारा एसी बनवा, अशी अट होती. अंतिम फेरीतल्या आठ संघांत गोदरेजही होती. एप्रिल २०२१ मध्ये डायकिन आणि ग्री यांच्या संघांना पारितोषिक विभागून मिळालं. ग्रीच्या रचनेत बाष्पीभवनाच्या गारव्याचाही उपयोग केलेला होता.

गॅस बदलतो आहे, कॉइलही बदलायला हवी

शीतगृहांत आणि जुन्या एसींत वर्षानुवर्षं वापरलेला आर-२२ ओझोनच्या थराला घातक म्हणून २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बाद होतो आहे. कोल्ड रूममध्ये रूढ झालेला आर-४०४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तो गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास ३९०० पट तापमानवाढ घडवतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये किगाली इथे झालेल्या करारानुसार भारत असे वायू २०३२ पासून कमी करत जाऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवणार आहे.

आर-४०४ए आणि एसीतला आर-४१०ए यांची आणखी एक खोड आहे. त्यांचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर कितीही दाबलं तरी वाफेचा द्रव होत नाही ते तापमान, ७०-७२ अंशांच्या आसपास, म्हणजे आर-२२ च्या ९६ अंशांपेक्षा बरंच कमी. कंडेन्सर ५५-६० अंशांवर गेला की या वायूंची कार्यक्षमता अधिक झपाट्याने ढासळते. मळलेल्या कॉइलची शिक्षा त्यांच्याबरोबर जास्त कडक होते.

महाराष्ट्रात यावर एक ठोस काम झालं आहे. गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर चालणारे घरगुती एसी बाजारात आणले. त्यांचं उत्पादन सातारा जिल्ह्याच्या वेशीवरच्या शिरवळमध्ये सुरू झालं. प्रोपेन वातावरणाला फारसा तापवत नाही आणि कार्यक्षमही आहे, पण तो ज्वालाग्राही असल्यामुळे यंत्रात अगदी थोडाच भरता येतो. मग कमी गॅसमध्ये तितकीच उष्णता सोडणारी कॉइल लागते. बारीक नळ्या आणि मायक्रोचॅनेल यांची गरज इथे सुरक्षेसाठीही आहे.

मोजल्याशिवाय कळत नाही

शीतकरण कृती आराखड्याच्या अंदाजानुसार देशातली शीतकरणाची एकूण मागणी २०३७-३८ पर्यंत २०१७-१८ च्या सुमारे आठपट होणार आहे. त्याच मुदतीत शीतकरणासाठी लागणारी ऊर्जा अंदाजापेक्षा २५ ते ४० टक्क्यांनी कमी ठेवण्याचं लक्ष्यही त्यात आहे. एवढी बचत एकट्या नव्या कॉम्प्रेसरच्या जोरावर साधणार नाही. आज गावोगाव उभ्या असलेल्या यंत्रांच्या कॉइल, पंखे आणि व्हॉल्व्ह यांच्याकडेच आधी वळावं लागेल.

सरकारच्या हाती एक चांगलं साधन आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून शीतगृहाला सर्वसाधारण भागात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के कर्जसंलग्न अनुदान दिलं जात आलं आहे आणि राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाने २०१० साली शीतगृहांसाठी तांत्रिक मानकंही घालून दिली. अनुदानाचा हप्ता देण्यापूर्वी यंत्रणा चालू करून, बाहेरची हवा आणि कंडेन्सरचं तापमान यांतलं अंतर किती, खोली आणि आतल्या कॉइलमधलं अंतर किती, हे दोन आकडे मोजून नोंदवण्याची सक्ती करावी. एका दिवसाचं काम आहे, आणि पुढची वीस वर्षं यंत्र किती वीज खाणार हे त्यातून कळतं.

इमारतींचे नकाशे मंजूर करणाऱ्या महापालिकांनीही आउटडोअर युनिटांना मोकळी हवा मिळते की नाही, हे पाहायला हवं. वास्तुविशारदाने चार फूट जागा वाचवली, तर त्या घरातली माणसं त्याचे पैसे दर उन्हाळ्यात भरत राहतात.

आणि शीतगृहाच्या मालकाने सरकारची वाट पाहू नये. कंडेन्सरच्या तोंडाशी एक थर्मामीटर लावा, दाबाचा गेज वाचून शीतकाचं तापमान काढा आणि दोन्हींतला फरक रोज दुपारी त्याच वेळी वहीत लिहा. कॉइल स्वच्छ असताना तो दहा असेल आणि महिन्याने पंधरा झाला असेल, तर गॅसवाल्याआधी पाण्याचा पाइप हाती घ्या. पुढच्या हंगामाचं पहिलं क्रेट पॅकहाऊसवर यायच्या आत, डिसेंबरमध्येच, कंडेन्सर उलट दिशेने धुऊन घ्या, वाकलेली पाती सरळ करा, समोरचे रिकामे क्रेट आणि वरचा पत्रा हटवा. या कामाला दोन मजूर, थोडं पाणी आणि एक दिवस लागतो, आणि त्यातून वाचलेल्या प्रत्येक अंशामागे हंगामभर दोन ते तीन टक्के वीज वाचते.